कोआत्लिक्वेला ‘त्यांची दुर्गा’ म्हणावे का?

वाचकाचे पत्र

माझी मुलगी सातवीत आहे. शाळेत ‘देशोदेशींच्या पुराणकथा’ या विषयावर कथाकथन स्पर्धा असून तिने मेक्सिकोतील अझ्टेक देवदेवता निवडल्या आहेत. बोलायला सात मिनिटे मिळणार आहेत. एका पुस्तकात पाहून तिने कोआत्लिक्वे या देवीचे मोठे चित्र काढले आणि बैठकीच्या खोलीत लावले. सापांचा घागरा, गळ्यात तुटलेले हात आणि हृदये यांची माळ असे ते रूप पाहून सासूबाई म्हणाल्या, “असले रक्त पिणारे देव घरात नकोत.” यजमानांचे म्हणणे असे की अमेरिका म्हणजेच आपले पाताळ, तिथले लोक मयासुराचे वंशज, तेव्हा देवही मुळात आपलेच. मला वाटते, ‘ही त्यांची दुर्गा’ असे सांगितले तर परीक्षकांना पटकन समजेल आणि सासूबाईंचाही विरोध मावळेल. पण नरबळीचे काय करायचे? तो वगळून गोष्ट सांगता येईल का? की मुलीला विषयच बदलायला सांगू?

– एक आई, सांगली

प्रिय ताई,

विषय बदलायला मुळीच सांगू नका. तुमच्या मुलीने जिचे चित्र काढले आहे त्या मूर्तीसमोर मी स्वतः उभी राहिले आहे, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ती चितारावीशी वाटली याचा मला मनापासून आनंद झाला. मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात अडीच मीटरहून उंच असलेली ती दगडी मूर्ती किंचित पुढे झुकलेली आहे, त्यामुळे जवळ गेले की ती आपल्या अंगावर येते आहे असे वाटते. डोक्याच्या जागी समोरासमोर टेकलेली दोन सर्पमुखे आहेत. शिरच्छेदानंतर मानेतून उसळलेल्या रक्ताच्या त्या दोन धारा आहेत, असा अर्थ अभ्यासक लावतात. घागरा म्हणजे एकमेकांत विणलेले साप, पायांना नखे. परंतु मी जास्त वेळ पाहत राहिले ते माळेच्या मागे, अनेक लेकरांना पाजून ओघळलेले असावेत असे घडवलेले तिचे स्तन. ज्या शिल्पकाराने ते घडवले त्याला भय तर दाखवायचे होतेच, पण त्याबरोबर एक थकलेली आईही दाखवायची होती. चित्रात मुलीने हा भाग गाळला असेल, तर त्यात काही चूक नाही; पण गोष्ट सांगताना ती आई मात्र गाळू नये.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. कोआत्लिक्वेला दुर्गा म्हणू नका. ही उपमा वरवर सोयीची असली तरी गोष्टीच्या गाभ्याशी जुळत नाही. दुर्गा शस्त्रे घेऊन महिषासुराशी लढते. कोआत्लिक्वे आपल्या कथेत कोणालाही मारत नाही. ती झाडलोट करते. कोआतेपेक, म्हणजे सर्पपर्वत, या डोंगरावरचे देवस्थान झाडण्याचे व्रत तिने घेतले होते. एके दिवशी झाडताना वरून पिसांचा एक मऊ गोळा खाली आला. तिने तो उचलून पोटाशी खोचला, झाडून झाल्यावर शोधला तर तो सापडेना, आणि त्यातूनच तिला दिवस गेले. तिची मुलगी कोयोलशौकी आणि चारशे मुलगे यांना ही आपल्या कुळाला लागलेली बदनामी वाटली. आईला ठार करायचे, असे त्यांनी कोयोलशौकीच्या चिथावणीने ठरवले आणि ते शस्त्रे परजून डोंगर चढू लागले. आई घाबरली, तेव्हा पोटातल्या बाळाने तिला धीर दिला. मुलांची फौज माथ्यावर पोहोचली त्याच क्षणी वित्सिलोपोच्त्ली हा देव शस्त्रांसह जन्मला. त्याने अग्निसर्प नावाच्या शस्त्राने बहिणीचे तुकडे केले आणि तिचे धड डोंगरावरून गडगडत खाली गेले. अनेक अभ्यासक या कथेत उगवत्या सूर्यापुढे चंद्र आणि तारे यांचा रोज होणारा पराभव पाहतात.

स्वतःच्याच मुलांच्या हातून मरणाच्या दारात उभ्या राहिलेल्या या बाईला ‘त्यांची दुर्गा’ म्हटले, तर ऐकणाऱ्यांना सिंहावर बसलेली विजयी देवी दिसेल, आणि हातात झाडणी घेतलेली, भेदरलेली, गर्भवती आई दिसायची राहून जाईल. ओळखीचे नाव दिले की ऐकणारा पुढचे ऐकणे थांबवतो, हा माझा अनेक वर्षे इतिहास शिकवतानाचा अनुभव आहे.

ही चूक करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. स्पॅनिशांनी मेक्सिको जिंकल्यावर १५२९ साली तिथे आलेले बेर्नार्दिनो दे साहागुन हे फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू या देवांविषयीच्या आपल्या माहितीचा सर्वांत मोठा आधार आहेत. त्लातेलोल्को येथील विद्यालयात शिकलेल्या स्थानिक नाहुआ तरुणांना हाताशी धरून त्यांनी वृद्ध जाणकारांना विचारून विचारून बारा भागांचा ग्रंथ तयार केला. अझ्टेकांची नाहुआत्ल आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत, शेकडो चित्रांसह लिहिलेला तो ग्रंथ आज फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. इतक्या कष्टाळू माणसालाही युरोपातल्या वाचकांसाठी सोपे करून सांगण्याचा मोह आवरला नाही. त्यांनी रोमन पुराणांतली नावे घेऊन वित्सिलोपोच्त्लीला ‘दुसरा हर्क्युलीस’, तेस्कात्लिपोका या देवाला ‘दुसरा ज्युपिटर’ आणि त्लासोल्तेओत्ल या देवीला ‘दुसरी व्हीनस’ म्हटले. आता ही त्लासोल्तेओत्ल कोण, ते पाहा. तिच्या नावात ‘त्लासोली’ म्हणजे केरकचरा, घाण हा शब्द आहे. वासनेच्या चुका माणसाकडून तीच करवते आणि त्याने आयुष्यात एकदा तिच्या पुजाऱ्यापुढे सगळे कबूल केले की ती घाण स्वतः गिळून त्याला मोकळेही तीच करते. पाप देणारी आणि पाप खाणारी देवी एकच असावी, ही किती खोल कल्पना आहे! ‘दुसरी व्हीनस’ म्हटल्याबरोबर ती सगळी पुसली गेली आणि उरली ती फक्त एक शृंगारदेवता.

यजमानांच्या मताविषयी स्पष्टच लिहिते, कारण मुलगी ते व्यासपीठावर बोलली तर तिची फजिती होईल. ‘माया’ आणि ‘मय’ या शब्दांच्या उच्चारसाम्यापलीकडे त्या मताला आधार नाही. शिवाय माया लोक वेगळे आणि अझ्टेक वेगळे. त्यांच्या भाषा एका कुळातल्या नाहीत, आणि दक्षिणेकडची मोठी माया नगरे ओस पडून चारेकशे वर्षे लोटल्यावर, परंपरेनुसार १३२५ साली, अझ्टेकांनी तेश्कोको सरोवरातल्या बेटावर तेनोच्तित्लान वसवले. ते स्वतःला ‘मेशिका’ म्हणत, त्यावरूनच देशाला मेक्सिको हे नाव मिळाले. साम्ये दिसतात, हे मात्र खरे आहे. त्यांच्या समजुतीप्रमाणे आधीची चार युगे, म्हणजे चार सूर्य, नष्ट झाले असून आपण पाचव्या सूर्याखाली जगतो आहोत. आपण चंद्राला शशांक म्हणतो आणि त्यांनाही चंद्रावर ससाच दिसत असे. परंतु चंद्रावरचे डाग सांगलीहून जसे दिसतात तसेच ते मेक्सिकोहूनही दिसतात. दोन ठिकाणच्या माणसांना त्यांत एकच प्राणी दिसावा यासाठी त्यांच्यातला कोणी समुद्र ओलांडून जायला नको. मला तर ओलांडून गेला असता त्यापेक्षा न जाता तो ससा दिसला, हेच अधिक सुंदर वाटते.

तो ससा तिथे कसा आला, हीच कथा मुलीने स्पर्धेसाठी घ्यावी, असे मी सुचवते. कोआत्लिक्वेचे चित्र ती मागे लावू शकते, पण सात मिनिटांत सगळे देव कोंबू नयेत. एक पाऊस पाडणारा त्लालोक, एक वारा आणि विद्या यांचा केत्साल्कोआत्ल, एक नद्या-तळ्यांची चाल्चिउत्लिक्वे अशी यादी वाचली की परीक्षक कंटाळतात आणि देव बिचारे नुसती खाती सांभाळणारे अधिकारी होऊन बसतात.

कथा अशी आहे. चार सूर्य संपले होते, सर्वत्र अंधार होता. तेओतिवाकान येथे देव जमले आणि विचारू लागले की नवा सूर्य कोण होणार. तेक्सिस्तेकात्ल हा धनाढ्य देव मोठ्या अभिमानाने पुढे आला. दुसरा कोणी तयार होईना, तेव्हा देवांनी नानावात्सिन या अंगभर फोड उठलेल्या, गरीब देवाला पुढे व्हायला सांगितले आणि त्याने नम्रपणे होकार दिला. अग्नी पेटला. दोघांनी चार रात्री तप केले. श्रीमंताने पानांऐवजी मौल्यवान पिसे वाहिली, गवताच्या गोळ्यांऐवजी सोन्याचे गोळे वाहिले आणि आपल्या रक्ताने माखलेल्या काट्यांच्या जागी लाल शिंपल्याचे काटे ठेवले. नानावात्सिनकडे काहीच नव्हते. त्याने बोरूच्या हिरव्या जुड्या वाहिल्या, घायपातीचे काटे खरोखरच स्वतःच्या रक्तात भिजवले आणि धूप म्हणून स्वतःच्या फोडांच्या खपल्या जाळल्या. मग उडी घेण्याची वेळ आली. तेक्सिस्तेकात्ल चार वेळा धावत अग्नीपर्यंत गेला आणि चारही वेळा धग सोसेना म्हणून मागे फिरला. देवांनी नानावात्सिनला हाक मारली. त्याने डोळे मिटले आणि उडी घेतली. ते पाहून लाज वाटलेल्या तेक्सिस्तेकात्लनेही त्याच्या मागोमाग उडी टाकली. नानावात्सिन सूर्य होऊन उगवला आणि त्याच्यामागून तितक्याच तेजाने दुसरा उगवला. दोन सूर्य कसे चालतील, म्हणून एका देवाने ससा उचलून दुसऱ्याच्या तोंडावर फेकला, तेज मंदावले आणि तो चंद्र झाला.

इथपर्यंतची गोष्ट तर कोणीही सांगेल. मुलीने तिच्या पुढचा भागही सांगावा, कारण तुमच्या नरबळीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. सूर्य उगवला खरा, पण जागचा हलेना. तो चालावा म्हणून बाकीच्या देवांनाही आपले प्राण द्यावे लागले, आणि मग वाऱ्याने जोर लावल्यावर तो मार्गी लागला. अर्थ असा की रोजची सकाळ ही देवांनी मरून दिलेली गोष्ट आहे. मेशिका लोकांच्या मते माणूसही असाच देवाच्या रक्ताने घडला होता. केत्साल्कोआत्लने पाताळातून जुन्या माणसांची हाडे आणली, एका देवीने ती दळली आणि त्याने त्या पिठावर स्वतःचे रक्त शिंपडले, तेव्हा आपण झालो. त्यांच्या भाषेत बळीसाठी एक शब्द होता, ‘नेश्त्लावाली’, आणि त्याचा अर्थ आहे ऋणाची फेड. सामान्य माणसापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे कान किंवा जीभ काट्याने टोचून स्वतःचे रक्त देत, ते या हिशेबाने. त्यांचे देव रक्ताला चटावलेले होते, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही.

पण ताई, ऋणाची भाषा समजली म्हणजे कृत्य निर्मळ झाले, असे मी म्हणणार नाही. फेडणाऱ्यांच्या वतीने बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा तरी जीव जात असे: युद्धकैद्यांचा, गुलामांचा, आणि त्लालोकसाठी लहान मुलांचा. तेनोच्तित्लानच्या मोठ्या मंदिराच्या माथ्यावर दोन गाभारे होते, एक त्लालोकचा आणि एक वित्सिलोपोच्त्लीचा. दुसऱ्या गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी कोयोलशौकीचे तुकडे झालेले शरीर कोरलेली सव्वातीन मीटर व्यासाची शिळा १९७८ साली वीजकामगारांना खोदताना सापडली. म्हणजे मंदिर हा कोआतेपेक डोंगर, आणि वरून ढकललेले कैद्याचे शरीर म्हणजे पुन्हा एकदा गडगडत आलेली कोयोलशौकी. श्रद्धा इथे राजसत्तेचा धाकही झाली होती. मांडलिक नगरांना ते दृश्य पाहायला मुद्दाम बोलावले जाई. त्लाश्कालासारखे शेजारी १५१९ पासून स्पॅनिशांना मिळाले, त्यामागे अनेक वर्षांची ही दहशत आणि हे वैर होते.

आकड्यांपासून मुलीने दूर राहावे. १४८७ साली मंदिराच्या विस्तारानंतरच्या सोहळ्यात ८०,४०० माणसे मारली गेली, असे जुन्या ग्रंथात आहे आणि ते सर्वत्र उद्धृत होते. आजचे इतिहासकार तो आकडा अशक्य मानतात. हरलेल्यांना राक्षस ठरवण्यात जेत्यांचा फायदा होता, हे लक्षात ठेवावे. उलट सगळे स्पॅनिशांनी रचले, असेही म्हणता येत नाही, कारण २०१५ पासूनच्या उत्खननात मंदिराजवळच कवट्यांचा मनोरा सापडला असून त्यात स्त्रिया आणि मुले यांच्याही कवट्या आहेत. मोजलेल्या कवट्या सहाशेच्या वर आहेत. हे तुम्हाला माहीत असावे म्हणून लिहिले. सातवीतल्या मुलीने व्यासपीठावर एवढे म्हटले तरी पुरे: “देवांनी आपल्यासाठी प्राण दिले, तेव्हा आपणही प्राण देऊनच ते ऋण फेडायला हवे, असे मेशिका लोक मानत, आणि त्यासाठी ते माणसांचे बळी देत. हे मला भयंकर वाटते, पण त्यांना असे का वाटले ते या गोष्टीतून कळते.” यात लपवाछपवी नाही, चवीने केलेले वर्णनही नाही. कोणी परीक्षकाने पुढे विचारलेच, तर तिने आपल्याला वाटते ते प्रामाणिकपणे सांगावे.

सासूबाईंच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. त्यांना वाद घालून पटवू नका आणि दुर्गेचे नाव घेऊन त्यांच्या श्रद्धेला कोड्यातही टाकू नका. चित्र मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत लावा. बैठकीत काय असावे हे ठरवण्याचा त्यांचाही हक्क आहे. मग एखाद्या एकादशीला त्या राजगिऱ्याची वडी खात असतील तेव्हा नातीला त्यांच्याशेजारी बसवा. आपण उपवासाला खातो तो राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला, आणि मेशिका लोक त्याला ‘वाउत्ली’ म्हणत. त्याचे पीठ घायपातीच्या गोड रसात मळून ते त्याची देवांची मूर्ती करत. वर्षाच्या एका सणात वित्सिलोपोच्त्लीची अशी मूर्ती घडवून, ती फोडून, तिचे तुकडे प्रसादासारखे वाटून खात. हे ख्रिस्ती प्रभुभोजनासारखे, म्हणजे येशूचे शरीर मानून भाकरी खाण्याच्या विधीसारखे दिसते, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांना ते फारच खटकले. आजही मेक्सिकोत फुलवलेला राजगिरा मधात किंवा गुळासारख्या पाकात थापून त्याच्या वड्या विकतात. दिसायला त्या थेट आपल्या राजगिरा चिक्कीसारख्या असतात, आणि त्यांचे नाव आहे ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आणि गजऱ्यातला निशिगंध हेही मेक्सिकोचेच. हे संबंध खरे आहेत, जमिनीत रुजलेले आहेत, आणि त्यांसाठी मयासुराला मध्ये आणावे लागत नाही. रोजच्या ताटातल्या वस्तूवरून आजीच नातीला दोन प्रश्न विचारील, असे मला वाटते.

आजींना आणखी एक प्रसंग जरूर सांगा. कोआत्लिक्वेची ती मूर्ती १७९० साली मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात फरसबंदीचे काम चालू असताना जमिनीतून वर आली. त्याआधी जवळजवळ पावणेतीनशे वर्षे तिची पूजा बंद होती. १५३१ च्या एका पत्रात तिथल्या पहिल्या बिशपांनी पाचशे मंदिरे आणि वीस हजार मूर्ती नष्ट केल्याचे अभिमानाने लिहिले होते. तरीही मूर्ती विद्यापीठाच्या अंगणात ठेवल्यावर स्थानिक लोक गुपचूप मेणबत्त्या आणि फुले घेऊन तिच्यापुढे येऊ लागले. अधिकाऱ्यांना भीती वाटली आणि त्यांनी तिला पुन्हा पुरले. १८०३ साली हुम्बोल्ट हा जर्मन प्रवासी आला, त्याच्या आग्रहावरून तिला थोडा वेळ उकरले आणि तो पाहून गेल्यावर पुन्हा माती लोटली. देव्हाऱ्यापुढे रोज दिवा लावणाऱ्या बाईला त्या मेणबत्त्यांचा अर्थ माझ्या-तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

राहता राहिला उच्चारांचा प्रश्न. इंग्रजी पुस्तकातली अक्षरे पाहून मुले ही नावे वेडीवाकडी वाचतात. मुलीला एवढे सांगा की नाहुआत्ल भाषेत ‘एक्स’ या अक्षराचा उच्चार ‘श’ होतो, म्हणून मेक्सिका नव्हे, मेशिका. आणि शब्दाच्या शेवटचा ‘त्ल’ हा एकच जोडवर्ण आहे, त्याचा ‘टल’ करू नये. आघात शेवटून दुसऱ्या स्वरावर येतो. ‘क्वे’ म्हणजे घागरा: कोआत्लिक्वे ती सापांच्या घागऱ्याची, चाल्चिउत्लिक्वे ती हिरव्या पाचूसारख्या रत्नांच्या घागऱ्याची. मेक्सिकोत पंधरा लाखांहून अधिक लोक आजही नाहुआत्ल बोलतात, त्यामुळे ही नावे कोणाच्या तरी घरच्या भाषेतली आहेत आणि ती नीट उच्चारली जाणे योग्यच आहे. देवनागरीत लिहून भिंतीवर लावली तर आठवडाभरात जिभेवर बसतील. ‘नानावात्सिन’पासून सुरुवात करा, ते सर्वांत सोपे आहे, आणि गोष्टही त्याचीच आहे.